भिंतीकडची बाजू

१

आठ वाजता पाठीवर. दहा वाजता दाराकडे तोंड. बारा वाजता भिंतीकडे. दोनला परत पाठीवर, चारला दाराकडे. सहाला नम्रतावहिनी घरी आल्या की माझी ड्युटी संपायची.

बाबांच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला मी हा कागद चिकटवला होता. बाबा म्हणजे कुंडलिकबाबा, वय अठ्ठ्याहत्तर. आदल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेलं. त्यांच्या मुलानं, साईनाथदादांनी, आटगाव स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर स्लॅबचं नवं घर बांधलं होतं. मागची खोली बाबांची. खिडकीतून शेत दिसायचं. दवाखान्यात असतो तसला चाकांचा पलंग एका बाजूनं भिंतीला टेकवलेला, बाबा पडू नयेत म्हणून. दादा वाशिंदच्या एका कारखान्यात, वहिनी कल्याणला एका दुकानात. दोघं आठला निघत. मग घरात मी आणि बाबा.

माझं नाव दिपिका. मुरबाडकडे, सरळगावच्या वरच्या अंगाला आमची ठाकरवाडी आहे. बारावीनंतर शहापुरात सहा महिन्यांचा कोर्स केला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचा. भोईर सिस्टर शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "सर्टिफिकेट तुमाला दारापर्यंत नेईल. आत गेल्यावर नाक, डोळे आन हात." पण ते सर्टिफिकेटही अजून माझ्या हातात नव्हतं. तीन महिने एकाच पेशंटकडे काम करून घरच्यांचं पत्र आणायचं, मग ते मिळणार. बाबा माझे पहिले पेशंट.

पहिल्या दिवशी दादांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सत्तर किलोचा माणूस हाय. तू एवढीशी. उचलशील कशी?"

"उचलायचं नसतं दादा. फिरवायचं असतं."

वहिनींनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "नखं दाखव."

मी दाखवली. कापलेली होती. काम मिळालं.

२

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. भात पिवळं पडायला लागलं होतं. दुपारी त्याचा वास खिडकीतून आत यायचा आणि खोलीतच बसून राहायचा. लांब कसारा लाइनीवरून मालगाडी जायची. तिचा आवाज संपला तरी कानात चालू असल्यासारखा वाटायचा. बाबा डोळे उघडे ठेवून पडलेले असायचे. त्या खोलीत दुपार लवकर सुरू व्हायची आणि संपायची नाही.

बारावा की तेरावा दिवस असेल. मी मागे बाबांचे कपडे धूत होते. बाराला पाच मिनिटं कमी असताना हात पुसत आत आले. आता बाबांना भिंतीकडे वळवायचं.

बाबा भिंतीकडेच वळलेले होते.

पाठीमागे उशी नीट खोचलेली. गुडघ्यांच्या मध्ये उशी. वरचा हात उशीवर, मनगट सरळ.

मी तिथंच उभी राहिले. पहिला विचार आला तो साधा होता. मीच वळवलं आणि विसरले. दुपारी एवढा उकाडा असतो, रोजचं तेच काम, माणूस विसरतं. पण सत्तर किलो फिरवलं की पाठीला कळतं. माझ्या पाठीला काहीच कळलेलं नव्हतं. हातांना साबणाचा वास येत होता आणि बाबांच्या सदऱ्यावर पाण्याचा एक थेंब नव्हता.

मागच्या दारात मीच बसले होते, आणि पुढच्या दाराची कडी आतून लावलेली होती. मी दोनदा जाऊन बघितली.

३

मग मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. कूस बदलली की कागदावर पेन्सिलीनं खूण करायची, तीही बाबांचा हात सोडायच्या आधी. दोन दिवस सगळं बरोबर चाललं. तिसऱ्या दिवशी दहाच्या पुढे खूण होती, बाराच्या पुढे नव्हती, आणि बाबा भिंतीकडे वळलेले होते.

घाबरण्याआधी मला दुसरंच काही वाटलं, ते सांगायला हवं. मला लाज वाटली. कारण ते काम माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मी वळवायचे तेव्हा बाबांच्या पाठीखालची चादर चुरगळायची. इथं एक सुरकुती नव्हती. मी टाचांखाली उशी घालायचे. इथं पंच्याची गुंडाळी पोटरीखाली होती आणि टाचा अधांतरी, कशालाच न लागता. मी वाकून अजून बघितलं. बाबांचा खालचा कान उशीवर सपाट होता. माझ्या हातून तो नेहमी दुमडलेला राहत असणार, कारण कान बघायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. कोर्सला आम्ही प्लास्टिकच्या बाहुल्यावर शिकलो. त्याचा कान दुमडत नाही.

"बाबा," मी विचारलं, "कोण आलं होतं?"

बाबांना बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. हो असेल तर ते डोळे मिटायचे, नाही असेल तर डावा अंगठा हलवायचे. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते भिंतीकडे बघत राहिले. भिंत त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब. तिला आकाशी रंग दिलेला, आणि बाबांची बुबुळं त्या रंगावर हळूहळू सरकत होती, समोरून कुणी चाललं की सरकतात तशी.

त्या दिवसापासून मी बाबांचा कान बघायला लागले.

४

दादांना सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. काय सांगणार? तुमच्या वडिलांची कूस वेळेवर बदलते, पण मी बदलत नाही, असं? दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणाले असते, आणि बरोबरच होतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी एकला बाबांना पेज भरवली, तोंड पुसलं, परत भिंतीकडे वळवलं आणि पलंगाशेजारी चटईवर जरा आडवी झाले. पाठीवर झोपले होते, हे मला पक्कं आठवतं, कारण वर पंखा फिरत होता आणि त्याची पाती मोजायचा मी प्रयत्न करत होते.

जाग आली तेव्हा मी कुशीवर होते. तोंड पलंगाकडे.

माझ्या गुडघ्यांच्या मध्ये उशी होती. पाठीला उशी होती. पोटऱ्यांखाली पंच्याची गुंडाळी, टाचा अधांतरी. चेहऱ्यावर येणारे केस कुणीतरी मागे सारले होते. खालचा कान सपाट होता.

मी ओरडले नाही. मला खूप बरं वाटत होतं. लहानपणी ताप आला की आई जवळ बसायची, तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. माझं अंग मऊ आणि जड झालं होतं, आणि ते आपलं आपण हलवायचं असतं हेच मी विसरून गेले होते. भाताचा वास येत होता. पंखा फिरत होता. आता पुढची कूस कधी, एवढं एकच मनात येत होतं.

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडली. तेव्हा मी हात हलवला. तो उशिरा हलला, मी सांगितल्यानंतर थोड्या वेळानं.

पावणेचार वाजले होते. बाबा पाठीवर होते, दोन वाजता हवे होते तसे.

५

माझ्या आधी तिथं शकू नावाची मुलगी होती, किन्हवलीकडची. वहिनी म्हणाल्या होत्या, "दोन महिने चांगलं काम केलान. मंग एक दिवस आलीच नाय." त्यांच्याकडून तिचा नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरच्या एसटी स्टँडवर बसून फोन लावला.

"कोन?"

"मी दिपिका. तुझ्या जागी लागलेय. आटगावला, कुंडलिकबाबांकडे."

"उशी कुठं व्हती?" तिनं विचारलं.

"काय?"

"उठलीस तवा गो. उशी कुठं व्हती?"

"गुडघ्यात."

"तुला उठता आलं ना?"

"आलं. जरा वेळानं."

"मंग बरं हाय." ती श्वास सोडत म्हणाली. "मला चार येळा झालं. शेवटच्या टायमाला मी उठलेच नाय. उठता येत व्हतं, पन वाटलं, कशाला उठायचं? दोन तासांनी कूस बदलेलच. वाट बघत पडले मी. बाबांसारखी. वहिनींनी दार वाजवलं तवा कशीबशी उठले. दुसऱ्या दिवसापासून पाय नाय ठेवला तिकडं."

"तुला काही केलं नाही ना तिनं?"

"नाय. तेच तर." मग शकू एकदम थांबली. "ती? मी ती म्हनलं का तुला?"

नव्हती म्हणाली. मीच म्हणाले होते. का, ते मला तेव्हाही कळलं नाही.

६

मी पळून जायला हवं होतं, असं शकूचं म्हणणं पडलं. पण मी गेले असते तर त्या दिवशी आठ ते सहा बाबांजवळ कोण? नवीन बाई मिळेपर्यंत पेशंट सोडायचा नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. आणि पत्राचा मोह मला नव्हता असंही नाही.

रविवारी मी मुद्दाम गेले. दादा घरी होते.

"दादा, पलंग भिंतीपासून काढून मध्ये घेऊ या. मला दोन्ही बाजूंनी हात घालता येईल."

"पडतील ना ते."

"कठडे लावू."

दादांनी चाकांचे ब्रेक काढले आणि आम्ही पलंग खोलीच्या मध्यात ओढला. मागची भिंत उघडी पडली. खाली धूळ, एक गोळीचं पाकीट, बाकी काही नाही. मी जवळ गेले. आकाशी रंगावर, माझ्या कमरेच्या उंचीला, दोन जागा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. पाठ टेकून, पाय रोवून कुणी काहीतरी जड ओढलं, रोज ओढलं, तर भिंत अशी गुळगुळीत होईल.

"गादी घासली असेल," दादा म्हणाले.

गादी त्या खुणांच्या हातभर खाली होती. मी बाबांकडे बघितलं. ते कठड्यातून भिंतीकडे बघत होते आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं.

७

सोमवारपासून ते थांबलं.

बाराला मी खोलीत यायचे आणि बाबा दहाला ठेवले तसेच असायचे. मला हायसं वाटलं. दुपारी झोपणं मी बंद केलं, खुर्चीवर ताठ बसायचे. आठ, दहा, बारा, दोन, चार. एकही वेळ चुकवली नाही. पाठ मोडून यायची.

बाबा जेवेनासे झाले. चमचा ओठाला लावला की ओठ मिटायचे. गुरुवारी अंग पुसताना माकडहाडावर लाल डाग दिसला, रुपयाएवढा. मी बोटानं दाबून सोडला. साधी लाली असेल तर दाबल्यावर पांढरी होते. ही झाली नाही. म्हणजे आत जखम सुरू झाली होती.

मी व्हिडिओ कॉल लावून भोईर सिस्टरांना डाग दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"कूस बदलतेस ना येळेवर?"

"दर दोन तासांनी, सिस्टर. देवाशपथ."

"कशी बदलतेस? एकटी?"

"हो."

"मंग घासतंय. एवढा जड माणूस एकटीनं ओढला की कातडी चादरीवर रगडली जाते. वरून दिसत नाय, आतून फाटतं. त्यांच्या वयाला असा व्रण झाला तर तो माणसाला घेऊन जातो, दिपिका. दोघी पायजेत. एक इकडून, एक तिकडून, चादर धरून आकडे म्हणायचे आन एकदम उचलायचं. कातडीला कळलं पण नाय पायजे." मग त्या म्हणाल्या, "पण इतके दिवस तर डाग नव्हता ना? तवा कोण व्हतं जोडीला?"

मी सांगितलं, रेंज जातेय.

दादांना दुसरी बाई बघायला सांगितलं. ते म्हणाले, दिवाळीच्या तोंडावर कुणी मिळत नाही, सण झाला की बघतो. शुक्रवारी सकाळी डाग बशीएवढा झाला होता आणि मध्ये काळपट पडला होता. बाबांना डाव्या कुशीवर धरून मी बसले होते. ते रडत नव्हते, कण्हत नव्हते. कठड्याच्या गजांमधून भिंतीकडे बघत होते फक्त.

मला त्या खोलीची जितकी भीती वाटत होती, तितकीच त्या डागाचीही वाटत होती. दोन्ही तोलून बघायला मला अकरा वाजेपर्यंतचा वेळ लागला. मग मी ब्रेक काढले आणि पलंग ढकलत भिंतीला नेऊन लावला.

८

बाराला दहा मिनिटं कमी होती. बाहेर लख्ख ऊन. शेतात कुणी कापणीला लागलं होतं, विळ्यांचा सर्र सर्र आवाज येत होता.

मी बाबांच्या कमरेखाली आडवी चादर घातली. तिचं एक टोक माझ्या बाजूला, दुसरं भिंतीच्या बाजूला सोडलं. पलंग आणि भिंत यांच्यात दोन बोटांची फट. तिथं माणूस मावणार नाही. मांजर मावणार नाही.

मी चादर दोन्ही मुठींत धरली.

"मी इकडून धरलंय," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा. "तीन म्हटलं की उचलायचं."

बाबांनी डोळे मिटले.

"एक."

विळ्यांचा आवाज थांबला होता.

"दोन."

भिंतीकडचं चादरीचं टोक ताणलं गेलं. हळूच, अंदाज घेतल्यासारखं. मग त्याला दोन ठिकाणी चुण्या पडल्या. साधारण खांद्यांएवढ्या अंतरावर. मुठीत कापड धरलं की पडतात तशा. मुठी नव्हत्या.

"तीन."

बाबा उचलले गेले. सत्तर किलोचा माणूस, आणि माझ्या हातांना उशी उचलल्याएवढं वजन लागलं. ते चादरीत एक क्षण तरंगले आणि कुशीवर आले, कुठंही न घासता. चुण्या सुटल्या. पाठीमागची उशी माझ्या हातात असतानाच गुडघ्यातली उशी जागेवर गेलेली होती.

मी नजर वर नेली नाही. चादरीच्या वर, जिथं मनगटं असायला हवीत तिथपर्यंतच बघितलं. भिंतीचा आकाशी रंग होता, पण तेवढ्या भागात तो जरा मळकट होता. आणि तो मळकटपणा श्वास लागल्यासारखा वरखाली होत होता.

त्या दुपारी बाबा अर्धी वाटी पेज जेवले.

९

डाग भरायला महिना लागला. दिवाळी गेली. भात झोडून घरात आलं, शेतं उघडी पडली. दुसऱ्या बाईचं मी दादांना परत विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. तीन महिने झाले तेव्हा त्यांनी पत्र लिहून दिलं, माझं सर्टिफिकेट आलं. सिस्टर म्हणाल्या, वाशिंदला एक घर आहे, जातेस का? मी नाही म्हणाले.

खुर्चीवर मी ताठच बसत होते. चटई मी वहिनींना देऊन टाकली होती. पण भीती रोजची झाली की तिला काहीतरी काम लागतं, आणि माझी भीती निरखायला शिकली होती. नाक, डोळे, हात. पौषात माझ्या लक्षात आलं की भिंतीकडची ओढ उशिरा यायला लागली आहे. मी तीन म्हणायचे आणि तिकडची चादर एका श्वासानं मागे राहायची. मग ती कापायला लागली. एकदा एका मुठीची चुणी मध्येच सुटली आणि बाबा तिकडच्या बाजूला कलले. मी सावरलं.

एका दुपारी दोन वाजता आम्ही बाबांना पाठीवर घेतलं. चादर खाली टेकली तरी तिच्यातला कंप थांबला नाही. खोलीत इतकी शांतता होती की कुणाला तरी दम लागलेला मला ऐकू आला. तो माझा नव्हता. बाबांचाही नव्हता, ते झोपले होते.

मी काय करतेय हे कळायच्या आत मी बोलून गेले.

"बसा जरा. किती दिवस उभ्या आहात."

कंप थांबला.  उघड्या शेतावरून वारा आला आणि खिडकीचा पडदा हलला.

मग भिंतीकडची गादी दबली. कडेला थोडीशी, मग आणखी, मग एकदम, फार वर्षांनी कुणी अंग सोडून द्यावं तशी. बाबा झोपेतच त्या खड्ड्याकडे सरकले. मी त्यांचा खांदा धरून ठेवला. खड्डा लांब होत गेला, उशीपासून पायथ्यापर्यंत. कुणीतरी आडवं झालं होतं.

मी बाबांना माझ्या बाजूला घेतलं आणि कठडा लावला. खुर्चीत बसले. तीन वाजले. साडेतीन वाजले. खड्डा उठला नाही.

आता बाबांना एकटीनं फिरवायचं होतं. चारला मी ते केलं, हळूहळू, अर्धा तास लावून, चादर न ओढता, आधी खांदा, मग कंबर, मग पाय. तीन महिने रोज समोर बघून शिकले होते. कान बघितला. टाचा बघितल्या. घाम पुसला.

मग कपाटातून आणखी एक उशी काढली, पलंगाच्या पायथ्याकडून भिंतीकडे वाकले आणि त्या रिकाम्या खड्ड्याला विचारलं, "तुमची बदलू का?"

 गादीतला तो खड्डा सावकाश, अंगात काही जोर न उरलेलं माणूस फिरतं तसा, माझ्याकडे वळला.